तेराव्या खुर्चीतला राखीव माणूस

आर्लो निएमीला मी पहिल्यांदा पाहिलं ते उलटं.

म्हणजे तो सरळच होता, उलटी मी होते. जिल्हा न्यायालयाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाकावर मी आडवी झाले होते, पाय भिंतीला टेकवून वर आणि मान बाकाच्या कडेवरून खाली. बाहेर सरोवरावरून बारीक, गार पाऊस येत होता. धुरकटलेल्या काचांपलीकडे बंदराचा भोंगा अधूनमधून घुमत होता. ज्युरीसाठी समन्स आलेली सगळी मंडळी आपापल्या कॉफीत तोंड घालून बसली होती आणि माझ्याकडे न बघण्याची शिकस्त करत होती. तेवढ्यात माझ्या डोळ्यांसमोर दोन ओले बूट येऊन थांबले.

"भिंत पडायला आलीये का?" बुटांच्या मालकाने विचारलं. "नाही, तुम्ही धरून ठेवलीये म्हणून म्हटलं..."

"हो ना. तुम्ही जरा लांबून जा."

"मदत करू? माझा एक पाय रिकामाच आहे."

मी हसले, आणि हसताना रक्त डोक्यात चढलं — जे माझ्या बाबतीत चांगलं असतं. सावकाश उठून बसले. मग तो मला सुलट दिसला. गव्हाळ दाढी, पावसाने चिकटलेले केस, लोकरीचा जुना कोट. आणि वास... ओल्या लोकरीचा, लाकडाच्या धुराचा आणि माशांचा.

"उशीर झाला मला," तो म्हणाला. "पूल वर होता."

आमच्या गावात हे कारण कुणीही मान्य करतं. मोठं जहाज बंदरात शिरायला लागलं की पूल उचलतात, आणि पलीकडच्या किनाऱ्यावरचे लोक पलीकडेच अडकतात. लग्नं थांबतात, बारशी थांबतात. कोर्टही थांबतं.

आता माझं सांगते. मला पॉट्स नावाचा आजार आहे. उभी राहिले की रक्त पायांत उतरतं आणि वर यायला तयार होत नाही. हृदय धावत सुटतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. फार वेळ उभी राहिले तर मी सरळ कोसळते. काही दिवस बरे जातात. काही दिवस असे, की दात घासणं हीच दिवसभराची कमाई. पोटासाठी मी पुस्तकं मोठ्याने वाचते — पलंगावर पडून, मायक्रोफोन छातीवर ठेवून. लोक गाडी चालवताना माझा आवाज ऐकतात. त्यांना वाटत असेल, ही बाई कुठे तरी ताठ बसून वाचतेय!

समन्स आलं तेव्हा आईने फोनवर एका दमात सांगितलं, "टिल्डा, डॉक्टरांची चिठ्ठी जोड आणि मोकळी हो. तुला कोण अडवणार आहे?"

हेच तर दुखणं होतं. मला कुणीच अडवत नव्हतं. कॉलेजने शेवटच्या वर्षी मोकळं केलं, ऑफिसने केलं. धाकट्या बहिणीच्या लग्नाला मी फोनच्या पडद्यातून हजर होते, पलंगावरून, डोक्यावर फुलांची माळ घालून. ज्याच्याशी माझं लग्न ठरलं होतं त्यानेही मला मोठ्या मनाने मोकळं केलं. तिशी उलटली तरी मी एकही गोष्ट शेवटापर्यंत नेलेली नव्हती. मला ही एक न्यायची होती. निकाल वाचला जाईल तेव्हा मला माझ्या खुर्चीत असायचं होतं, बस्स.

म्हणून न्यायाधीश ड्रेसरबाईंनी भरल्या कोर्टात विचारलं, "प्रकृतीची अडचण असलेलं कुणी?" तेव्हा मी हात वर केला आणि साठ अनोळखी माणसांसमोर आपल्या रक्ताची, हृदयाची, मोज्यांची सगळी कहाणी सांगितली. पायांतलं रक्त वर ढकलणाऱ्या घट्ट लांब मोज्यांचीसुद्धा. आर्लो माझ्या मागच्याच रांगेत होता.

"मग तुम्हाला सूट हवी आहे?" ड्रेसरबाईंनी चष्म्यावरून विचारलं.

"नाही, युवर ऑनर. दाराजवळची खुर्ची हवी आहे. आणि सगळे उभे राहतात तेव्हा बसून राहायची परवानगी."

दोन्ही मिळालं. बारावी खुर्ची माझी झाली, पुढच्या रांगेतली शेवटची.

आर्लोला बचावाच्या वकिलाने विचारलं, तुम्हाला ज्युरीवर बसायला खरंच आवडेल? लोक इथे सुटायला येतात.

"तीनदा बोलावणं आलं आणि तिन्ही वेळा न वापरता परत पाठवलं," तो म्हणाला. "मी दुकानात दिवसभर मासे पारखतो. कधी तरी एखाद्या माणसाचं नीट, शेवटापर्यंत ऐकून घ्यावंसं वाटतं."

कोर्ट हसलं. मी मात्र वळून पाहिलं... आणि तो माझ्याकडेच पाहत होता.

त्याला घेतलं, पण राखीव म्हणून. राखीव ज्युररने सगळा खटला ऐकायचा, सगळ्यांसोबत जेवायचं, आणि विचारविनिमयाची वेळ आली की घरी जायचं. बारा जणांपैकी कुणी आजारी पडलं तरच त्याचा उपयोग. त्याच्यासाठी एक लाकडी खुर्ची आणून रांगेच्या टोकाला ठेवली. माझ्या शेजारी.

"म्हणजे," पहिल्या जेवणाच्या सुट्टीत मी त्याला म्हटलं, "मी पडले की तू बसणार."

"असं दिसतंय खरं."

"मग लक्ष ठेवून असशील."

"ठेवतोच आहे," तो म्हणाला, आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

खटला काय होता? तळ्याकाठच्या एका म्हाताऱ्यावर, वर्न साबिनवर, शेजाऱ्याची सौना जाळल्याचा आरोप होता. आमच्याकडे माणसाचं घर जळलं तर लोक हळहळतात, पण घाम काढायची ती लाकडी खोली जळली की खवळतात. वर्न रोज एकच तपकिरी सूट घालून यायचा आणि हात मांडीवर ठेवून बसायचा. दोष सिद्ध झाला असता तर तुरुंग होता. यावर आम्ही आपसांत चकार शब्द बोलायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. आम्हा सगळ्यांना बांधणारी एकच गोष्ट, आणि तिच्यावरच बंदी. मग उरलेल्या सगळ्या जगावर बोलणं आलं.

त्याचं दुकान पुलापलीकडे, सरोवराच्या काठी. मेपलच्या लाकडाच्या धुरात मासे मुरवायचे आणि कागदात गुंडाळून विकायचे. दुसऱ्या दिवशी तो एक पुडी घेऊन आला.

"काय आहे?"

"व्हाइटफिश. खारा." त्याने माझ्यापुढे सरकवली. "तू त्या दिवशी कोर्टात म्हणालीस, तुला मीठ लागतं. रक्त वर ठेवायला."

"तू ते ऐकलंस?"

"शपथेवर ऐकलं."

मी खाल्ला. इतका खारा, इतका धुरकट, इतका अप्रतिम मासा मी जन्मात खाल्ला नव्हता. तिसऱ्या दिवशी खारवलेला हेरिंग मासा आला, चौथ्या दिवशी काकडीचं लोणचं, आणि बाटलीत त्याचं पाणीसुद्धा. सगळे ज्युरर नाक मुरडायला लागले. आठ नंबरच्या मिसेस पेल्की, निवृत्त शाळामास्तरीण, मला हात धरून बाजूला घेऊन म्हणाल्या, "पोरी, भोळी आहेस. तो टपून बसलाय तुझ्या खुर्चीवर."

ते मनात सलत राहिलं. दुपारी मी त्याला खिडकीशेजारच्या बाकावर गाठलं.

"खरं सांग. तुला माझी खुर्ची हवी आहे?"

"हो," तो म्हणाला. लगेच. "फार हवी आहे."

"मग हे मासे कशाला खायला घालतोयस मला?"

"टिल्डा, मला खुर्ची हवी आहे म्हणजे तू पडावीस असं थोडंच आहे?" तो काचेवरच्या पावसाकडे पाहत राहिला. "तू ऐकतेस कशी, ते मी रोज बघतो. तुझे ओठ हलतात. साक्षीदाराचा शब्द न् शब्द तू आत वाचून बघतेस. ते बघायला मिळतं म्हणून मी पूल वर जायच्या आधी घरातून निघतो आजकाल."

माझं हृदय धावत सुटलं होतं, आणि मी तर बसलेली होते. डॉक्टरांना हे कसं सांगणार होते मी?

पुढच्या सोमवारची गोष्ट. बेलिफ नेहमीसारखा ओरडला, "सर्वांनी उभं राहावं!" सगळं कोर्ट खडखडत उठलं. अशा वेळी मी खाली एकटीच असते. मला माणसं दिसत नाहीत, नुसते कमरेचे पट्टे दिसतात आणि सदऱ्यांच्या चुण्या. मोठ्यांच्या पायांत हरवलेलं पोर असावं, तसं वाटतं. त्या दिवशी सवयीने मी डावीकडे पाहिलं... आणि तिथे पट्टा नव्हता. चेहरा होता. आर्लो बसलेला होता, माझ्या डोळ्यांच्या रेषेत, हात गुडघ्यांवर ठेवून.

"ऊठ, वेड्या!" मी पुटपुटले.

"कसं दिसतं इथून, ते बघतोय," तो कुजबुजला. "सरकारी वकिलाच्या पँटला इस्त्री नाही."

"तेरा नंबर!" ड्रेसरबाईंचा आवाज कडाडला. "तुम्हाला काय झालंय?"

तो ताडकन उठला. "काही नाही, युवर ऑनर. चूक झाली."

"पुन्हा होऊ देऊ नका." पण त्यांची नजर त्याच्यावरून माझ्यावर आली आणि जरा जास्त वेळ थांबली. मी खाली मान घालून मोज्यांशी चाळा करत राहिले. त्या क्षणी मला तो आवडायला लागला, असं म्हणणं खोटं होईल. आवडत होताच. त्या क्षणी मला त्याची भीती वाटायला लागली.

वकिलांची भाषणं संपली. बारा जण खोलीत जाणार आणि तो घरी जाणार, हे ठरलेलंच होतं. राखीव माणसानेही खटल्याबद्दल तोंड उघडायचं नाही, बोलावलं तर परत यायचं, असं ड्रेसरबाईंनी बजावलं. दारात त्याने मला एक जाडजूड पुडी दिली.

"तीन दिवस पुरेल. टिकून राहा."

"तुझी संधी जाईल."

"जाऊ दे गं," तो म्हणाला, आणि पाठमोरा होऊन पावसात निघूनही गेला. मला हाक मारायची होती. मी मारली नाही.

खोलीत कौल घेतला तर आठ जण 'दोषी' म्हणत होते, आणि चौघांना शंका होती. त्या चौघांत मी होते. मी गालिच्यावर आडवी पडले, पाय खुर्चीवर ठेवले, आणि सगळ्यांनी मला साक्षी मोठ्याने वाचायला लावल्या. माझा आवाज तेवढा भक्कम आहे. शेजाऱ्याची साक्ष वाचताना मिसेस पेल्की मध्येच म्हणाल्या, "थांब, ते पुन्हा वाच." सौनाच्या धुराड्याबद्दल होतं: ते वर्षानुवर्षं साफ केलेलं नव्हतं. मी पुन्हा वाचलं. आठाचे सहा झाले. मला आनंद झाला, आणि आनंदाच्या भरात मी मोठीच चूक केली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी घ्यायला पटकन उठले.

शुद्धीवर आले तेव्हा मिसेस पेल्की माझे पाय मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तोंडाला कोरड, डोक्यात भुगा. स्वतःचं नाव आठवायलासुद्धा जरा थांबावं लागलं.

ड्रेसरबाईंनी मला कोर्टात बोलावलं. बाकीच्यांना खोलीतच बसवलं होतं. वकील होते, वर्न साबिन होता, मांडीवर हात ठेवून. मला माझ्या खुर्चीत टेकवून दिलं. आणि मग दार उघडून आर्लो आला, धापा टाकत, दुकानाचा एप्रन तसाच. पूल वर होता, म्हणून आम्ही सगळे त्याच्यासाठी थांबलो होतो.

त्याने मला पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"मिस्टर निएमी," ड्रेसरबाई म्हणाल्या, "बारा नंबरच्या जागी तुम्हाला बसावं लागेल असं दिसतं. तुम्ही अजून शपथेवर आहात. खटल्याबद्दल कुणाशी बोललात?"

"नाही, युवर ऑनर."

"नि:पक्षपातीपणे निर्णय द्यायला काही अडचण?"

तो एप्रनला हात पुसत राहिला. लेखनिकाची बोटं अधांतरी थांबली.

"एक अडचण आहे," तो शेवटी म्हणाला. "शपथ आहे म्हणून सांगतो, नाहीतर... इतक्या लोकांपुढे नसतं सांगितलं. माझं बारा नंबरवर प्रेम आहे."

सरकारी वकिलाच्या हातून पेन पडलं. मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"त्यांनी मला काही म्हटलेलं नाही," तो घाईने म्हणाला. "मी मासे दिले, तेवढंच. पण तिला हा खटला शेवटापर्यंत न्यायचा आहे, हे मला माहीत आहे. आणि मी त्या खुर्चीत बसलो तर मला पुरावा ऐकू येणार नाही, फक्त ती नाही एवढंच ऐकू येईल. मला बारावी खुर्ची नको, युवर ऑनर. मला माझी तेरावीच द्या."

ड्रेसरबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हे कायद्यात कुठे बसतं, ते मला बघावं लागेल," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "बारा नंबर. तुम्हीही शपथेवर आहात. पुढे चालू ठेवू शकाल?"

आयुष्यभर या प्रश्नाला माझी दोनच उत्तरं होती. एक, "मी ठीक आहे" — आणि मग कोसळायचं. दुसरं, "माफ करा" — आणि मग निघून जायचं. पण समोर तो म्हातारा बसला होता. धुकं भरलेल्या डोक्याने त्याचा निवाडा करणं पाप होतं. आणि उठून जाणंही.

"आज नाही, युवर ऑनर," मी म्हटलं. "आज मला दोन वाक्यं जोडता येणार नाहीत. पण आज झोपले तर उद्या सकाळी मी येईन. तुम्ही सगळ्यांनी... माझ्यासाठी एक दिवस थांबावं, अशी विनंती आहे."

असं मी कधी कुणाला म्हटलं नव्हतं. माझ्यासाठी थांबा, असं.

ड्रेसरबाईंनी दोन्ही वकिलांकडे पाहिलं. दोघांनी माना डोलावल्या. "पूल वर असला की आपण थांबतोच," त्या कोरडेपणाने म्हणाल्या. "उद्या दहा वाजता."

दुसऱ्या दिवशी मी गेले. धुराड्याची साक्ष मी अजून दोनदा वाचली आणि दुपारपर्यंत बाराही जणांचं एकमत झालं. निर्दोष. निकाल वाचला गेला तेव्हा मी माझ्या खुर्चीत होते. वर्न साबिनने मांडीवरचे हात उचलून तोंड झाकलं, आणि मीही रडले, अगदी उघडपणे.

आर्लो कोर्टाच्या पायऱ्यांवर उभा होता. पाऊस थांबला होता, धुकं होतं.

"आता बोलायला परवानगी आहे," तो म्हणाला. "शनिवारी... जेवायला येशील?"

"येते."

शनिवारी सकाळी मला मान उचलवेना. कोर्टाने माझ्यातलं सगळं वापरून घेतलं होतं. मी दुपारपर्यंत फोनकडे बघत राहिले आणि मग लावला.

"आर्लो, आज जमणार नाही."

पुढचं मला पाठ होतं. आधी जरा शांतता, मग "हरकत नाही, काळजी घे," मग आठवड्याने एखादा मेसेज, मग तोही नाही. सगळ्यांचं असंच झालं होतं.

"बरं," तो म्हणाला. "मग उद्या?"

"उद्याचंही सांगता येत नाही."

"सोमवारी दुकान बंद असतं. मीच येतो."

"तू समजून घे रे." मला रडू यायला लागलं, रागही आला. "हे बरं होणारं नाही. तू बोलावशील आणि मी नाही म्हणेन. ऐनवेळी. पुन्हा पुन्हा. आयुष्यभर मी तुला असे फोन करणार!"

लांबून जहाजाचा भोंगा ऐकू आला, त्याच्या बाजूने आधी आणि मग माझ्या खिडकीतून.

"आयुष्यभर तू मला फोन करणार," तो सावकाश म्हणाला. "टिल्डा... हे मी लिहून घेऊ?"

मी फोन छातीशी धरला. छत गोल फिरत होतं, हृदय धावत होतं, आणि या वेळी मला त्याला थांबवायचं नव्हतं.

"घे लिहून," मी म्हटलं. "मलाही तू हवा आहेस. फार हवा आहेस."

सोमवारी सकाळी तो आला तेव्हाही मला पलंगावरून उठवत नव्हतं. पण त्याला दारात थांबावं लागलं नाही. रविवारी संध्याकाळी मला बघून आई निघाली, तेव्हा मी तिला बाहेरून कुलूप लावू दिलं नव्हतं.